दोन तासांची पेटी

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह दीडशे माणसांचं. त्या रविवारी सकाळी तिथे अडीचशे तरी शिरली होती. खुर्च्या संपल्या, मग खिडक्यांचे कठडे भरले, मग जिन्याच्या पायऱ्या. पंखे गरगरत होते, पण वारा कुणालाच लागत नव्हता. आणि तक्रारही कुणी करत नव्हतं, कारण सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या पेटीला चिकटले होते.

पेटी जेवणाच्या डब्याहून थोडी मोठी, तांबूस, चकचकीत. तिच्यामागे गुरुजी उभे. दाढी नाही, जटा नाहीत, अंगाला राख नाही. करडा सूट, गालाजवळ माइकची काडी, आणि बोलणं असं की एकेक शब्द कळावा आणि वाक्य कळू नये.

"मेंदूला एक नाडी असते," गुरुजी म्हणाले, "आणि फोनच्या लहरी त्या नाडीला विळखा घालतात. म्हणून मूल पुस्तक उघडतं आणि मिटतं. म्हणून नवरा ऐकतो, पण त्याला ऐकू जात नाही."

"हे मात्र खरंय," तिसऱ्या रांगेतली एक बाई म्हणाली. सभागृह हसलं. शेजारचा नवरा बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

मग चमत्कार झाले. गुरुजींनी समोरच्या एका मुलाला उभं केलं, त्याचा फोन टेबलावर ठेवला आणि पंधरा शब्दांची यादी वाचली. फोन मधेच तीनदा थरथरला. मुलाला पाच शब्द आठवले. मग फोन पेटीत गेला, झाकण खटकन बसलं. मदतनिसानं त्याच फोनला फोन लावला आणि माइकपाशी धरला, तर बाईचा गोड आवाज आला, की आपण ज्यांच्याशी बोलू इच्छिता ते संपर्काबाहेर आहेत. गुरुजींनी दुसरी यादी वाचली. मुलानं पंधरापैकी तेरा शब्द घडाघडा म्हणून दाखवले.

"लहरी पेटीनं पिऊन टाकल्या," गुरुजी हळूच म्हणाले. "मी काही केलं नाही."

सगळ्यात मागच्या रांगेत शास्त्राच्या बाई बसल्या होत्या. शाळेत सातवी ते नववीला शास्त्र शिकवून त्यांच्या बोटांना खडूचा वास कायमचा लागला होता. दहा मिनिटांत त्यांना डाव कळला होता. त्या नवऱ्याच्या कानाशी म्हणाल्या, "अहो, घट्ट झाकणाचा धातूचा डबा आहे तो. त्यात लहर शिरत नाही, एवढंच. आणि दुसरी यादी ऐकलीत का? उशी, चादर, खिडकी, चप्पल, नळ, ब्रश, साबण, टॉवेल, आरसा, कंगवा. माणूस सकाळी उठून आवरतोय. हे कोण विसरेल? पहिल्या यादीत न्याय, सरासरी, परवाना, दोरा असले शब्द, कशाला कशाचा धरबंध नाही."

"अगं, तुझं शास्त्र पंधरा वर्षं घरात आहे," नवरा म्हणाला. "त्यानं पोरीनं एकदा तरी पुस्तक उघडलं का?"

पेटी घरी आली.

पेटीचे नियम कडक होते. संध्याकाळी सात ते नऊ घरातल्या प्रत्येकाचा फोन आत. एकाचा जरी बाहेर राहिला, तरी इतरांचं तेज त्याच्यातून गळतं. मधे झाकण उघडलं तर नाडी उलटी फिरते आणि होतं तेही जातं. हा शेवटचा नियम ऐकून नवरा, जो वाहनपरवान्याच्या कार्यालयात लोकांना नियम सांगून रडवायचा, पेटीपासून हातभर लांब बसू लागला.

पहिल्या संध्याकाळी तिघांना हात कुठे ठेवावेत तेच कळेना. नवऱ्यानं साबणाच्या पुड्यामागची सगळी बारीक अक्षरं वाचून काढली. मुलीनं नखं कापली, मग आईची कापली. तिसऱ्या दिवशी तिला कपाटात पत्त्यांचा जोड सापडला. मग रोज बदाम सात. पोरगी लबाड. बदाम अठ्ठी दाबून बसायची आणि बापाला पास म्हणायला लावून गालातल्या गालात हसायची. आठनंतर ती आपणहून पुस्तक उघडायची, कारण दुसरं करण्यासारखं काही उरायचंच नाही.

दुसऱ्या आठवड्यात पत्ते पिसता पिसता ती म्हणाली, "आई, माझ्याशी वर्गात कुणी बोलत नाही. पावसाळ्यापासून."

बाई तिच्याकडे वळल्या. "आणि तू हे आज सांगतेयस?"

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

पोरीनं विचार केला. "नाही. मी फोनवर होते ना. आणि तूही."

त्या रात्री बाईंनी ठरवलं, की डबा असेल तर असू दे. आपण तोंड उघडायचं नाही. आयुष्यभर मुलांना पुरावा मागायला शिकवलेल्या बाईंनी स्वतःच्या जेवणघरात एका खोट्याला पाट मांडून बसवलं, आणि त्यांना त्याची लाजही पुरेशी वाटली नाही. पुढचे दोन आठवडे त्या पत्ते खेळल्या. पोरीनं वर्गातली एकेक गोष्ट सांगितली, एकदा रडलीसुद्धा, आणि मग बाईंच्याच मांडीवर डोकं ठेवून भूगोल वाचला.

चौथ्या आठवड्यात बाई ब्लाउज आणायला खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंकडे गेल्या. काकूंची धाकटी मुलगी दहा वर्षांची. तिला फिट येत असत आणि रोजच्या गोळ्या चालू होत्या. काकू मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "बाई, सुटले बघा मी. गोळ्या बंद."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"गुरुजींनी. म्हणाले, फिट म्हणजे तरी काय, लहरींचा विळखाच. पेटी आहे ना घरात, मग ते विष कशाला पोटात? आठ दिवस झाले, एकदाही आली नाही."

मुलगी जिन्याच्या कठड्यावर पाय सोडून बसली होती आणि रिळाचा दोरा बोटाला गुंडाळत होती. बाईंनी तिला आधी खाली उतरवलं. मग काकूंना समजावलं. काकू म्हणाल्या, "तुमच्याही घरी आहेच की पेटी. तुम्ही शिकलेल्या. खोटी असती तर तुम्ही ठेवली असती का?"

त्या रविवारी गुरुजींची पुन्हा सभा होती, 'सामूहिक बंद'ची. प्रत्येकानं पेटी घरून आणायची, फोन आत घालून मांडीवर ठेवायची आणि दोन तास सगळ्यांनी मिळून तेज साठवायचं. बाई ब्लाउजच्या पिशवीत स्क्रू काढायचा पेचकस घेऊन गेल्या. पोरगी बरोबर होती, तिचा फोन खिशात.

"गुरुजी, एक शंका," बाई उभ्या राहून म्हणाल्या. "आज याद्या उलट्या वाचाल का? आधी दुसरी, मग पहिली?"

"शंका हा लहरींचाच परिणाम आहे," गुरुजी हसून म्हणाले. "बसा."

बाई बसल्या नाहीत. शाळेतला आवाज त्यांनी काढला, जो मागच्या बाकापर्यंत जातो. "सगळ्यांचे फोन आत्ता पेटीतच आहेत ना? नाडी मोकळी आहे ना? मग ऐका." आणि त्यांनी त्या दिवशी टिपून ठेवलेली पहिली यादी वाचली, न्यायापासून परवान्यापर्यंत. "आता म्हणून दाखवा." दोनशे मोकळ्या नाड्यांमधून पाच-सहा शब्द निघाले. मग त्यांनी उशी-चादर वाचली. सभागृहानं शाळेतल्यासारखं एका सुरात उशी ते कंगवा म्हटलं, आणि म्हणता म्हणता काही लोक थांबले, कारण आपण दात घासत चाललोय हे त्यांना कळलं.

"माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यातही फोन ठेवून पाहिला मी," बाई म्हणाल्या. "आधी वाजला. झाकण सैल होतं. मग पोळी गुंडाळायच्या चंदेरी कागदात तीन वेढे दिले, तर हीच गोड बाई बोलली. संपर्काबाहेर." त्यांनी स्वतःची पेटी टेबलावर उपडी केली आणि चार स्क्रू काढले. तळ निघाला. कागदासारखा पातळ तांब्याचा पत्रा, आणि त्याखालून टेबलावरच्या मखमलीवर भसकन वाळू सांडली.

"ही वाळू नव्हे," गुरुजी म्हणाले. "ही संस्कारित सिलिका."

"वाळूच ती," मागून एक गवंडी म्हणाला. "चाळलेलीसुद्धा नाही."

लोक हसले. एक गृहस्थ उठले, बाईंनी त्यांना ओळखलं, त्यांचा मुलगा नववीत होता. ते चिडले नव्हते, गोंधळले होते. "पण बाई, माझा मुलगा अभ्यासाला लागला. हे तर खोटं नाही ना?"

"नाही, ते खरं आहे," बाई म्हणाल्या. "फोन दोन तास हाताशी नव्हता, म्हणून लागला. तुमचाही नव्हता, म्हणून तुम्ही त्याच्याजवळ बसलात. पेटीनं काही केलं नाही. तुम्ही केलंत. घरातल्या कुठल्याही डब्यात होईल, उशीखाली होईल, नुसता बंद करून कपाटात ठेवला तरी होईल."

ते गृहस्थ मान हलवत खाली बसले. बाईंना वाटलं, पोचलं.

"म्हणजे पेटीत काहीच नाही?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही."

"मग उघडली तर नाडीबिडी उलटी फिरायची नाही?"

"नाही हो."

एक झाकण वाजलं. मग दहा. मग दोनशे. महिनाभराच्या संध्याकाळी दाबून ठेवलेली झाकणं एकदम उघडली, आणि फोनांना लहरी सापडल्या. टिंग, टुंग, थर्र, कुणाचं गाणं, कुणाचं पाखरू. छपरावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला. दोनशे माना खाली गेल्या. त्या गलबल्यात गुरुजींनी माइकची काडी काढली, मखमल झटकली, मदतनिसाला खूण केली आणि मधल्या वाटेनं, दोनशे माणसांच्या मधून, चालत निघून गेले. त्यांना कुणी अडवलं नाही. कुणी पाहिलंच नाही.

एकट्या काकू पुढे आल्या. "बाई, मग गोळ्या?"

"मनानं सुरू करू नका. चला, आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ," बाई म्हणाल्या, आणि त्या गेल्या. डॉक्टर काकूंना खूप बोलले, पण गोळ्या वेळेत सुरू झाल्या. या सगळ्यात एवढं एक नीट झालं, आणि बाई पुढे बरेच दिवस त्याची स्वतःला आठवण करून देत राहिल्या.

संध्याकाळी सात वाजले. बाईंनी स्टीलचा डबा टेबलावर ठेवला. "चला, फोन."

नवरा म्हणाला, "तूच म्हणालीस ना, त्यात काही नसतं?"

"डब्यात नसतं. ठेवण्यात असतं."

"पटलं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच पटलं होतं. त्यानं फोन डब्यात ठेवला. साडेसातला उघडून पाहिला, कारण पाहिल्यानं आता काही उलटं फिरणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोन टेबलावरच होता, पालथा. चौथ्या दिवशी उताणा. भीती होती तोवर तिघं पाळत होती. कारण समजलं आणि पाळणं संपलं. बाईंनी वर्गात समजावलं, पालकसभेत समजावलं. सगळ्यांनी माना हलवल्या. एका पालकांनी तर बाई बोलत असतानाच त्यांचं बोलणं फोनवर टिपून घेतलं, घरी जाऊन ऐकतो म्हणाले.

पोरीनं त्या सभेची चित्रफीत फोनवर टाकली होती. वाळू सांडतानाची. ती गावभर फिरली, मग गावाबाहेर. "आई, तुला अठ्ठावीस हजार लोकांनी बघितलं," ती म्हणाली, आणि बाई चष्मा लावून कोण काय म्हणतंय ते वाचत बसल्या. बऱ्याच जणांनी शाबासकी दिली होती. एकानं पेटी कुठे मिळेल असं विचारलं होतं. वाचून मान वर केली तेव्हा नऊ वाजून गेले होते. पोरगी पलीकडच्या खोलीत होती. तिच्या वर्गात आता तिच्याशी कुणी बोलतं का, हे विचारायचं राहून गेलं होतं.

पंधरा दिवसांनी नवरा एक चकचकीत चकती घेऊन आला. कार्यालयातल्या सगळ्यांनी घेतली होती. फोनच्या पाठीवर चिकटवायची. "यात ठेवाठेवीची कटकटच नाही," तो म्हणाला. "हातात धरलेला असतानाच लहरी पिते."

ती उघडलेली पेटी बाईंनी शाळेच्या प्रयोगशाळेत नेऊन ठेवली आणि झाकणावर चिठ्ठी लावली: 'यात काही नाही. उघडून पाहा.' मुलं उघडून पाहतात.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. पेटी खोटी होती, याद्या ठरवलेल्या होत्या, तळाला वाळू होती. पण त्या संध्याकाळी खऱ्या होत्या, आणि त्या कुणा गुरुजींनी दिल्या नव्हत्या. झाकण लावणारे हात आपलेच होते. कुणी घाबरवलं म्हणून जे आपल्याला जमलं, ते समजल्यावर का जमू नये, याचा विचार करा. चकती विकत घेण्याआधी करा. बाईंना याचं उत्तर अजून सापडलेलं नाही, आणि त्या शास्त्राच्या बाई आहेत.

रोज सात वाजता त्या स्वतःचा फोन डब्यात ठेवतात. झाकण लावतात. मग पत्ते पिसून तिघांना वाटतात. नवरा एका हातानं पत्ते उचलतो. पोरगीही उचलते, एकाच हातानं. सत्ती पडते, छक्की पडते, आणि डाव अडतो.

"तुझी पाळी," बाई म्हणतात. "अठ्ठी तुझ्याकडेच आहे, मला माहीत आहे."

"एकच मिनिट, आई."

बाई थांबतात.