कुंपणालगतचं गवत

तुम्ही खोटं लिहिलंत. वुबालेमच्या परसाची मोजणी करायला तुमच्या सरकारी कचेरीचा माणूस आला आणि वहीत लिहून गेला: एवोकॅडो एक, कुंपणालगत गवत. गवत? कोसेरेत नावाची वनस्पती होती ती, लोणी कढवताना घालायचा सुवासिक पाला! तिच्या आईनं गुरागे मुलखातल्या गावाहून ओल्या फडक्यात गुंडाळून अदिस अबाबात आणलेली. रस्ता रुंद करायला तुमचं यंत्र आलं, तेव्हा त्याचं पहिलं पातं तिच्यावरच पडलं. अख्ख्या गल्लीला वास सुटला. यंत्र चालवणारासुद्धा खाली उतरून आपलेच हात हुंगत उभा राहिला. हे लिहिलंत कुठं?

आता वुबालेम तुम्हीच दिलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. मेस्केलचा सण दोन दिवसांवर आलेला आणि यंदा वेजोची पाळी तिची. वेजो म्हणजे गल्लीतल्या सात जणींची लोण्याची भिशी. दरवर्षी सगळ्यांचं लोणी एकीच्या घरी जमायचं, तिथंच मसाला घालून कढवायचं. पाळी कुणाचीही असो, पाला मात्र वुबालेमच्या कुंपणाचा. गल्ली पाडल्यावर सातही जणी शहराच्या टोकांना फेकल्या गेल्या. यंदा वास जमला नाही, तर पुढच्या वर्षी दोन बस बदलून कुणी येणार नाही, हे वुबालेम ओळखून होती.

वुबालेम धरून सहा जणी जमल्या. केळीसारख्या एन्सेतच्या पानांतून लोण्याचे गोळे सुटले. रिवाजाप्रमाणे झेनेबेचनं चिमूटभर लोणी वुबालेमच्या टाळूवर थापलं. गॅलरीत कोळशाच्या मंद आचेवर मडकं चढलं. आलं, लसूण, मेथी, वेलचीसारख्या कोरारिमाचे दाणे पडले. शेवटी वुबालेमनं मूठभर वाळका पाला टाकला.

झेनेबेचनं नाक मुरडलं. "ताई, हा पोत्याचा वास कसला?"

"बाजारची कोसेरेत आहे," वुबालेम खाली बघत म्हणाली.

"मग पुढच्या वर्षी लोणीही बाजारचंच आणू. जिने तरी वाचतील!"

हशा झाला, पण कुणालाच तो पुरा करवला नाही.

तेवढ्यात धापा टाकत सातवी आली, एतेनेश. नऊ वर्षांपूर्वी वुबालेमनं तिला कुंपणाची फांदी मोडताना पकडलं होतं. तेव्हापासून दोघी वेजोत बसायच्या, पण बोलायच्या ते तिसरीच्या तोंडून.

"झेनेबेच, तिला सांग," एतेनेशनं शालीतून ओलं गाठोडं काढलं, "चोरीचा माल परत आणलाय. एक फांदी मोडली म्हणून बोंबलली होती ना? तीन मोडल्या होत्या. तिन्ही जगल्या."

गाठोड्यात हिरवागार पाला होता, आणि मुळासकट एक फांदी.

वुबालेमनं ती मुळं एकेक करून बोटांनी चाचपली. "तिला सांग, चोरटी ती चोरटीच." मग सरकून तिनं जागा केली. "बस गं."

पाला मडक्यात पडला. फेस वर आला, निवळला, तळाशी बेरी धरू लागली, लोणी सोन्यासारखं आरपार दिसायला लागलं. आणि तो वास उठला. टाळूवरचं लोणी विरघळून वुबालेमच्या मानेवरून सावकाश ओघळत होतं. तिनं डोळे मिटले. गॅलरीचा कठडा उरला नाही. कोपराला कुंपणाची खरखरीत पानं लागली. पलीकडून आई येत होती, हातात ओलं फडकं, पायांना गावची लाल माती, आणि चार मजल्यांची उंची तिच्या पावलांखाली हळूहळू जमीन होत होती. खालच्या मजल्यांवरची अनोळखी माणसं दारं उघडून जिन्यात येऊन उभी राहिली, नुसती.

"पुढची पाळी माझी," झेनेबेच हलकेच म्हणाली. "लांब राहते मी. या सगळ्या."

ती फांदी आता तेलाच्या डब्यात, वुबालेमच्या खिडकीत आहे. आणि आज सकाळी तुम्ही इमारतीच्या दाराला कागद डकवलात: खिडक्यांत डबे, झुडपं, गवत ठेवू नये. फांदी बघायला आलेल्या एतेनेशनं तो वाचून दाखवला. वुबालेमनं एकाच शब्दावर बोट ठेवलं, लोण्याचं बोट. डाग अजून तिथंच आहे.

चार जिने चढून या. डब्याशी नाक न्या. मग तिच्या तोंडावर सांगा, गवत कशाला म्हणालात? ती दारात उभी आहे. द्या उत्तर.