ढोल्याला उचलताना

ढोल्या लंगडायला लागला तेव्हा सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. पन्नास किलोंच्या वरचं कुत्र्याचं धूड ते; एखादा पाय कधीतरी कुरकुरणारच. सासूबाईंनी गरम फडक्याने शेकून पाहिलं. काचवाल्याने पुढचा डावा पंजा उलटसुलट करून काटा शोधला. काटा नव्हता. मनगटाच्या वर मात्र हाडाला एक टेंगूळ लागलं, आणि तिथे बोट टेकताच, उभ्या जन्मात कुणावर न गुरगुरलेला ढोल्या गुरगुरला.

घरात माणसं दोनच, काचवाला आणि त्याची सासू. बायकोला जाऊन दोन वर्षं होत आली होती. लेकीच्या आजारपणात चार दिवस हाताखाली म्हणून सासूबाई आल्या, त्या परत गेल्याच नाहीत. 'जाते' असं त्या म्हणाल्या नाहीत, 'राहा' असं तो म्हणाला नाही. सासू नि जावई एका छपराखाली आणि मधली मुलगीच नाही, हे शेजाऱ्यांना कोडं होतं. त्या दोघांनाही होतंच. त्यांचं बोलणं सगळं ढोल्यावरून वळसा घालून चालायचं. ढोल्या जेवला का, ढोल्याला फिरवून आणलं का, ढोल्याने आज बघा काय केलं. कुत्रा तिचा होता. ओंजळीत मावेल एवढा असताना तिने आणला, नाव चांगलं ऐटबाज ठेवलं; पण गडी असा काही सुटला, की सहा महिन्यांत गल्लीनेच त्याला नवं नाव दिलं आणि तेच चिकटलं.

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. हाडाचा कॅन्सर. पाय खांद्यापासून काढला तर दुखणं जाईल. रोग जाईलच असं नाही, तो बहुधा आतून पुढे निघालेला असतो. काही महिने मिळतील, कदाचित वर्ष.

"आणि नाही काढला तर?"

"तर हे हाड एक दिवस नुसतं उठताना मोडेल. तोवर कण्हत राहील. मग झोपवणं हाच इलाज. तुम्ही तोच आत्ता निवडलात तरी मी नावं ठेवणार नाही." मग त्यांनी जमिनीवर पसरलेल्या ढोल्याकडे बघितलं. "मागचा पाय असता तर मी एवढं बोललेही नसते. कुत्र्याचा जास्त भार पुढच्या पायांवर असतो. आणि हा तर बघताय."

घरी येऊन त्याने सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"नको," त्या म्हणाल्या.

"आई, त्याला दुखतंय."

"तिलाही दुखत होतं. एकदा कापून पाहिलंय ना आपण, जावईबापू? काय हाती लागलं?"

बायकोच्या ऑपरेशनला 'हो' त्यानेच म्हटलं होतं, आणि त्यानंतर ती आपल्या पायांनी घरात आलीच नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी त्याने ढोल्याला नेलं. हे शहाणपण की हट्ट, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. घरातून आणखी एक जीव इतक्यात उठून जाणं त्याला झेपणार नव्हतं, एवढंच खरं. सासूबाईंनी अबोला धरला. ताट वाढायच्या, चहा ठेवायच्या, पण ब्र काढायच्या नाहीत.

ढोल्याला घरी आणायला दुकानातला जोडीदार आला. अंगापिंडाने काडीपहिलवान, म्हणून त्याला सगळे पहिलवानच म्हणत. दोघांनी आयुष्यभर मोठमोठ्या काचा जिन्यांवरून चढवल्या होत्या. काच उचलायचे रुंद पट्टे त्यांनी बरोबर आणले होते. एक पट्टा ढोल्याच्या छातीखालून, एक पोटाखालून.

"आजवर एवढा जड आरसा नाही उचलला," पहिलवान म्हणाला. "आणि आरसा निदान चाटत तरी नाही."

काचवाला हसला नाही. डाव्या बाजूला जिथे खांदा होता तिथे आता सपाट, भादरलेली, जांभळी पडलेली कातडी होती आणि तिच्यावरून टाक्यांची लांब ओळ गेली होती. ढोल्याला दारातून आत आणलं तेव्हा सासूबाईंनी ती पाहिली आणि तोंडाला पदर लावून त्या मोरीकडे गेल्या.

पहिल्याच दिवशी ढोल्या उठायला गेला. मागचं अंग उचललं, उजवा पंजा पुढे टाकला आणि डाव्यावर भार द्यायला गेला. तो पाय नव्हता. हनुवटी फरशीवर अशी आपटली की शेजारच्या खोलीत ऐकू गेली. पुन्हा उठला, पुन्हा आपटला. गुळगुळीत फरशीवर उरलेला पंजाही घसरत होता. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्नच केला नाही. तो आडवा राहिला आणि भिंतीकडे बघत राहिला.

काचवाल्याने दुकानातून रबरी चटया आणल्या, काचांखाली अंथरतात त्या, आणि ढोल्याच्या कोपऱ्यापासून स्वयंपाकघरातून अंगणाच्या दारापर्यंत पसरल्या. खाली वाकलं की तोल जाऊन तोंडावर पडायचा, म्हणून भांडं स्टुलावर ठेवलं. सकाळी कामावर जायच्या आधी आणि आल्यावर तो छातीखाली पट्टा घालायचा, वरून धरायचा आणि म्हणायचा, "चल राजा." ढोल्या कसाबसा दोन उड्या मारायचा आणि बसायचा. धाप लागलेली, जीभ बाहेर, डोळे मालकाच्या चेहऱ्यावर. त्या डोळ्यांत राग असता तर परवडलं असतं. हे काय केलंस, एवढंच जणू विचारत होते. झोपेत तो नसलेला पाय झाडायचा. खांद्याची सपाट कातडी थरथरायची आणि तो विव्हळत जागा व्हायचा. डॉक्टरबाईंनी गोळ्या वाढवल्या.

"वजन उतरलंच पाहिजे," त्या बजावून म्हणाल्या. "सगळा डोलारा आता एका मनगटावर आहे. ते गेलं की संपलं."

म्हणून भांड्यात उकडलेलं गाजर, भोपळा आणि मोजकं मांस पडू लागलं. ढोल्या भांड्याकडे बघायचा, मग काचवाल्याकडे बघायचा, काही चूक झाली असेल तर अजून वेळ गेलेली नाही अशा नजरेने. टाके काढायला नेलं तेव्हा काट्यावर चढवलं. वजन उतरलं नव्हतंच, उलट थोडं वाढलं होतं.

काचवाला घरी आला आणि त्याने काही न विचारता सासूबाईंच्या बाजेखालचा डबा ओढला. बिस्किटं, लोण्याचे तुकडे, कागदात बांधलेलं कालचं मांस. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"तुम्ही त्याला मारताय," तो म्हणाला.

"मी?" कितीतरी दिवसांनी त्या त्याच्याशी बोलत होत्या. "कापून आणलंत तुम्ही. उपाशी ठेवताय तुम्ही. जाणाऱ्या जिवाला दोन घास सुखाचे देते, तर मी मारते?"

"तो जाणार असंच धरून बसलाय तुम्ही."

"आणि तुम्ही? तो राहणार असं धरून बसलाय? तिच्या वेळीही असंच धरून बसला होतात. शेवटपर्यंत तिला घोटभर हवं ते पिऊ दिलं नाहीत. पथ्य, पथ्य, पथ्य. काय वाचलं त्या पथ्याने?"

त्याने डबा खाली ठेवला आणि तो न जेवता बाहेर पडला. गल्लीच्या टोकापर्यंत गेला, पुढे जायला जागा नव्हती म्हणून परत आला. त्या बोलल्या त्यातलं काही खोटं नव्हतं, आणि मन खात होतं ते त्यामुळेच.

पुढच्याच आठवड्यात ते घडलं. एका इमारतीत मोठ्या काचा बसवायचं काम होतं, त्याला यायला संध्याकाळ झाली. घरात ढोल्या नव्हता, सासूबाई नव्हत्या. अंगणाचं दार सताड उघडं होतं. अंगणात उतरायच्या तीन पायऱ्यांच्या तळाशी ढोल्या पडला होता, आणि त्याच्या शेजारी, जमिनीवर, पाय पसरून सासूबाई बसल्या होत्या. ढोल्याचं डोकं त्यांच्या मांडीवर. उन्हं केव्हाच कलली होती तरी त्यांच्या हातातली छत्री त्याच्यावर उघडीच होती.

"सकाळी छत्री घेऊन बाहेर निघाले, तर माझ्यामागून आला," त्या म्हणाल्या. घसा बसला होता. "माझ्या हातात बिस्किट होतं म्हणून आला. पायरीवरून गडगडला. मला उचलवेना. हाका मारल्या, कुणी ऐकलं नाही. मग म्हटलं, सोडून कुठे जाऊ? आणि बसल्यावर मलाही उठवेना."

त्यांचा एक कोपर सोलवटला होता. ओठ सुकले होते. ढोल्याने त्यांच्या लुगड्यावरच लघवी केली होती. सकाळपासून दोघं तिथेच होती.

काचवाला खाली बसला. त्याने ढोल्याचं मनगट चाचपलं. मोडलं नव्हतं. मग त्याने सासूबाईंना पाणी आणून दिलं. त्यांनी ओंजळ करून आधी ढोल्याला पाजलं आणि मग उरलेलं आपण प्यायल्या.

"मला दाखवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तो पट्टा. कसा घालायचा ते दाखवा. उद्या तुम्ही घरी असणार नाही."

त्याने दाखवलं. "कंबरेत वाकायचं नाही. गुडघ्यांत बसायचं आणि गुडघ्यांनी उठायचं."

"गुडघे धड असते तर तुम्हाला विचारलं असतं होय, जावईबापू?"

तेव्हा त्यांनी दोघांनी मिळून उचललं. तो पुढे, त्या मागे, शेपटीकडचा पट्टा हाताला गुंडाळून. "उचल," तो म्हणाला आणि मग चपापला, कारण सासूशी कोणी असं बोलत नाही. पण त्यांनी उचललं.

दुसऱ्या दिवसापासून बाजेखालचा डबा गेला. सासूबाईंनी पथ्य हातात घेतलं आणि काचवाल्यापेक्षा कडक केलं. शेजारीण कुत्र्याला काहीतरी घेऊन आली की त्या तिला दारातूनच वाटेला लावायच्या. पायऱ्यांवर पहिलवानाने फळ्या ठोकून उतार केला. पुढे पुढे ढोल्याला गुपित उमगलं, की हळू चाललं तर तोल जातो आणि जोरात गेलं तर राहतो. मग तो धडाधड उड्या मारत जायचा आणि थांबता येत नसे म्हणून भिंतीला जाऊन टेकायचा. ते पाहून सासूबाई पहिल्यांदा हसल्या. काचवाला बघत राहिला. त्यांचं हसू लेकीचंच होतं, हे त्याच्या आजवर ध्यानात आलं नव्हतं.

संध्याकाळी तिघं गल्लीत जायची. लोक थांबून बघायचे. "अरेरे," कुणी म्हणायचं. कुणी म्हणायचं, "एवढे हाल करण्यापेक्षा..." आणि वाक्य अर्धंच सोडायचं. त्या अर्ध्या वाक्याचं उरलेलं अर्धं रोज काचवाल्याच्याही मनात असायचं. ढोल्याच्या फासळ्या हाताला लागू लागल्या तेव्हा डॉक्टरबाई खूश झाल्या. पण वजन मग थांबलंच नाही. उतरतच गेलं.

थंडी सुरू झाली तसा खोकला आला. कोरडा, खोल, घशात काही अडकल्यासारखा. डॉक्टरबाईंनी या वेळी छातीचा एक्स-रे उजेडासमोर धरला. दोन्ही फुप्फुसांत रोगाचे पांढरे डाग उमटले होते. तो घरी आला, सासूबाईंनी त्याचा चेहरा पाहिला आणि गॅस बंद केला.

"किती दिवस?"

"थोडे."

त्यांनी मान हलवली. मग आतून बिस्किटाचा नवा पुडा आणला, फोडला आणि त्याच्या हातात दिला. "आता तुम्ही द्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातून एकदाही मिळालं नाही त्याला."

ढोल्याने बिस्किट अगदी जपून घेतलं, जणू परत मागतील.

शेवटी शेवटी तो उठेनासा झाला. चटई सोडेना, श्वास घेताना सगळं अंग हलायचं. डॉक्टरबाई घरी आल्या ती दुपार लख्ख उन्हाची होती. सासूबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. काचवाल्याने उरलेला पंजा हातात धरला. सुई टोचली तेव्हा ढोल्या दचकलाही नाही. त्याचं लक्ष अंगणात कुठेतरी होतं. पंजा हळूहळू जड झाला आणि काचवाला तो धरूनच बसला, डॉक्टरबाई पिशवी आवरून गेल्या तरी.

पहिलवान आला. तिघांनी ढोल्याला अंगणाच्या कडेला नेलं. आता तो फार जड नव्हता. खड्डा दोघांनी खणला, माती सासूबाईंनी हाताने लोटली.

पहिलवान गेल्यावर घरात अशी शांतता आली की दोघांनाही कुठे बसावं कळेना. ज्याच्यावरून वळसा घालून बोलायचं, तो राहिला नव्हता. काचवाला भिंतीला टेकून उभा राहिला. जे विचारायची दोन वर्षं त्याला भीती वाटत होती, ते त्याने विचारलं.

"आई, आता तुम्ही जाणार?"

सासूबाई नखांतली माती काढत होत्या.

"मी कुत्र्यासाठी राहिले होते, असं वाटलं होय तुम्हाला?"

त्याला खरंच तसं वाटलं होतं.

"मला तुमचा राग होता," त्या म्हणाल्या. "अजून आहे. तो कमी होईल असं मला वाटत नाही. पण तिच्याबद्दल ज्याच्याशी बोलता येईल असं दुसरं माणूस मला नाही. आणि दोन वर्षांत तुम्ही तिचं नावसुद्धा काढलं नाहीत."

तो खुर्चीवर बसला. सासूबाईंनी घाई केली नाही. दारातून ऊन सरकत भिंतीवर चढलं.

"शेवटच्या आठवड्यात," तो म्हणाला, "ती थंड सरबत मागत होती. मी दिलं नाही."

"मला माहीत आहे."

"दिलं असतं तर काय झालं असतं?"

"काहीच नाही," सासूबाई म्हणाल्या. "ती प्यायली असती."

मग त्यांनी हात धुतले, दुसरी खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसल्या. "सांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा."