आऱ्यावरचा लाल दोरा

"अहो, माझ्या चाकाकडे काय बघत बसलाय? जरा वर बघा की," बायको पुढून म्हणाली.

मिस्त्रीने वर बघितलं आणि त्याचा पाय पेडलवरच थांबला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं वर जाऊन एकमेकांना टेकली होती. मधून ऊन झिरपत होतं आणि सगळा रस्ता ठिपक्याठिपक्यांचा झाला होता. एवढी झाडं एका जागी त्याने जन्मात पाहिली नव्हती. त्याचा जन्म गेला स्टेशनसमोरच्या सायकलच्या दुकानात, आणि तिथे झाड म्हणजे मालकांनी तेलाच्या डब्यात लावलेलं एक रोपटं, तेही अर्धमेलं.

"बघितलं?"

"बघितलं."

"मग बोला की काहीतरी."

"काय बोलू? गप्प बसावंसं वाटतंय."

"ते तर तुम्हाला घरीही वाटतं," बायको म्हणाली आणि पुन्हा पेडल मारू लागली.

मिस्त्रीने नजर परत तिच्या मागच्या चाकावर आणली. हौस म्हणून नव्हे. काचबिंदूने त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या कडा खाल्ल्या होत्या. समोरचं दिसायचं, कडेचं नाही. म्हणून बायकोने पुढे राहायचं आणि त्याने तिच्या चाकामागून यायचं, असं ठरलं होतं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी सांभाळू, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. सायकल या महिन्यापुरतीच. महिना उद्या संपत होता, आणि नोकरीही.

त्या चाकावर एक लाल ठिपका गरगर फिरत होता. मिस्त्रीने तो दुकानातून निघतानाच पाहिला होता आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला होता. पुन्हा विसरलो. हिच्या लक्षात आलं नाही म्हणजे मिळवली.

त्याचं असं होतं. मिस्त्री चाकाचा आऊट काढायला, म्हणजे डुलणारं चाक सरळ करायला बसला, की एकेक आरा चावीने ताणत जायचा. छत्तीस आरे. पण भाड्याच्या सायकलींचं दुकान, मध्येच कुणीतरी हाक मारणार. मग कितव्या आऱ्यावर थांबलो हे कळावं म्हणून तो त्या आऱ्याला लाल दोरा बांधून उठायचा. परत येऊन चाक पुरं करायचा, बोटावर धरून फिरवून बघायचा, खूश व्हायचा आणि दोरा काढायला साफ विसरायचा. दोरा बायकोच्या शिवणाच्या डब्यातला. "अख्खं रीळ संपवलंत, लोकांच्या चाकांना काय बाळलेणी घालताय?" हे तिचं एकतीस वर्षांचं पालुपद होतं.

जंगल संपलं आणि उतार लागला. उताराखाली नदी आणि नदीवर जुना दगडी पूल. बायको उतरली, सायकल कठड्याला टेकवली आणि कमरेवर हात ठेवून मोजू लागली.

"अहो, या तर तीनच कमानी आहेत."

मिस्त्री पिशवीतली पाण्याची बाटली शोधू लागला.

"तुम्ही एकतीस वर्षं सगळ्यांना पाच सांगत आलात. पाण्यातल्या धरल्या तरी सहा होतात, पाच कुठूनच होत नाहीत."

आता आलं अंगाशी, मिस्त्रीच्या मनात आलं. भाड्याने सायकल नेणाऱ्या प्रत्येकाला तो दारात उभा राहून रस्ता सांगायचा. जंगलातून सरळ जा, पाच कमानींचा पूल लागेल, पुढे बंद पडलेली पाणचक्की, तिथून डावीकडे वळलात की जुना मठ. सांगायचा असा, की जणू काल संध्याकाळीच जाऊन आलाय. लग्नाआधी एकदा गेलो होतो, असं त्याने बायकोलाही ठोकून दिलं होतं. खरं तर तो कधीच गेला नव्हता. लोक परत येऊन जे बोलायचे, ते ऐकून ऐकून त्याने रस्ता जुळवला होता. दुकान चालू असे तेव्हा सुटका नाही, आणि सुट्टीचा एक वार चाकांचे आऊट काढण्यात जायचा. मठ काय पळून जातोय, जाऊ की कधीतरी. त्या कधीतरीमध्ये डोळे निघून गेले.

"मी इथे कधी आलोच नाही," तो म्हणाला. "थापा मारल्या."

"माहितीये मला."

"माहितीये? कधीपासून?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. मी विचारलं होतं, मठावर छप्पर कसलं आहे? तुम्ही म्हणालात, कौलारू. आठच दिवसांनी मठावरून येताना चेनमध्ये अडकून फाटलेली पँट शिवून घ्यायला एक बाई आली माझ्याकडे. ती म्हणाली, छप्पर कसलं, वर नुसतं आभाळ आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं रंगवून सांगत होतात. म्हटलं, राहू देत कौलं."

मिस्त्रीला हसू आलं, आणि हसता हसता लाजही वाटली. एवढी वर्षं ही बाई आपली थाप जपून बसली होती. त्याने पाणी प्यायलं, बाटली तिच्याकडे दिली, आणि मान वळवून वळवून तिन्ही कमानी एकेक करून पाहून घेतल्या. तीनही पुष्कळ होत्या. कुणीतरी हाताने हे दगड बसवले असतील आणि अजून एक हललेला नाही, म्हणजे काम किती चोख, हे त्याला कुणी समजावायची गरज नव्हती.

पाणचक्कीजवळच्या चढावर त्याला धाप लागली. बायको म्हणाली, "इथूनच परत फिरू या का? लांबून भिंती दिसतातच आहेत."

"नाही. आज परत फिरलो तर परत नाही."

ती सायकलवरून उतरली. दोघंही सायकली हातात धरून चढ चढली.

आणि मग मठ आला. मिस्त्री फाटकाबाहेर उभाच राहिला. भिंती एवढ्या उंच, की एका नजरेत मावेनात. त्याच्या तर नाहीच. त्याने खालून सुरुवात केली. आधी पायऱ्या, मग खांब, मग खांबांवरच्या कमानी, आणि मान मागे टाकत टाकत सगळ्यात वर आभाळ. निळंशार. चारी बाजूंनी दगडात बसवलेलं. शेकडो लोकांनी त्याला हे सांगितलं होतं, आणि एकालाही ते धड सांगता आलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही, कारण पुसण्यात बघायचा वेळ गेला असता.

"सायकली इथे लावा," फाटकाशी बसलेली राखणदारीण म्हणाली. साठीची बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. "आणि दोरा असेल तर सोडा."

"कसला दोरा?" बायकोने विचारलं.

"स्टेशनसमोरच्या दुकानातल्या ना सायकली? त्यांच्या चाकाला कधीकधी लाल दोरा असतो. तिथले मिस्त्री बांधून देतात. सुखरूप पोचलं की सोडून इथे कठड्याला बांधायचा. मी आले त्याच्या आधीपासूनची पद्धत आहे."

मिस्त्रीने मान वळवली. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत लोखंडी कठडा होता आणि त्याच्या गजागजावर दोरे होते. काही लालभडक, काही उन्हाने गुलाबी झालेले, काही पार पांढरे. मोजायचे म्हटले तर दिवस गेला असता. कठड्यावर दोन चिमण्या बसल्या होत्या. एकीने एका दोऱ्याचं टोक चोचीत धरलं, मान हलवून हलवून तो सोडवला आणि वर उडाली. मिस्त्रीने तिच्यामागे नजर नेली. भिंतीतल्या फटीफटीत घरटी होती आणि त्यांतून लाल टोकं लोंबत होती, अगदी वरच्या कमानीपर्यंत.

"सगळ्यांनाच बांधतात का दोरा?" बायकोने विचारलं.

"छे. म्हणे ते मिस्त्री माणूस पारखून बांधतात. ज्याला मिळतो त्याचा प्रवास नीट होतो. कुणाला नाही मिळाला तर बिचारी माणसं खट्टू होतात." राखणदारणीने मिस्त्रीकडे पाहिलं. "आहेत का हो अजून ते मिस्त्री?"

बायकोने तोंड उघडलं. मिस्त्रीने तिच्या मनगटावर हळूच हात ठेवला.

"आहेत," तो म्हणाला. "उद्यापर्यंत. मग तिथे तयार चाकं येणार आहेत. त्यांचा आऊट काढावा लागत नाही."

"म्हणजे दोरा बंद?"

"बंद."

राखणदारीण कठड्याकडे बघत राहिली. "वाईट झालं," ती म्हणाली आणि किल्ल्या सावरत आत गेली.

मग बायको म्हणाली, "माझ्या चाकाला आहे एक. सकाळीच बघितला होता मी."

"मग ओरडली का नाहीस?"

"आज नको म्हटलं."

मिस्त्री तिच्या सायकलीजवळ खाली बसला. डोळ्यांची गरजच नव्हती. त्याची बोटं हवा भरायच्या व्हॉल्वपासून आरे मोजत गेली, अकराव्यावर थांबली, आणि त्यांनी गाठ सोडली. गेल्या कित्येक वर्षांत त्याने दोरा आठवणीने सोडला, असं पहिल्यांदाच झालं होतं. त्याने तो बायकोच्या तळहातावर ठेवला. तिच्याच रिळातला होता.

कठड्यावर उरलेली चिमणी जरा सरकून बसली. बायकोने मोकळा गज शोधला, वाकली, आणि शिवणाऱ्या बाईच्या सवयीने दोऱ्याला दुहेरी गाठ मारायला लागली.

"घट्ट बांधू नकोस," मिस्त्री चिमणीकडे बघत म्हणाला.