नावं झाकून

सरांना लॅबमध्ये पाठीमागे सगळे 'कात्री' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. दर शुक्रवारी दुपारी लांब टेबलाशी सगळे जमत, कुणीतरी दुसऱ्याच्या लॅबचा छापून आलेला पेपर भिंतीवर दाखवी आणि सर त्याची सालपटं काढत. नियमही सरांचाच. लेखकांची नावं, संस्था, मासिक, सगळं काळ्या पट्टीखाली झाकायचं. ज्या पदार्थावर प्रयोग केला त्याच्या जागीसुद्धा नुसतं 'क' लिहायचं, कारण या धंद्यात पदार्थावरून माणूस ओळखू येतो. नाव दिसलं की आपण वाचत नाही, मान तुकवतो, असं सर म्हणत. म्हणणं खोटं नव्हतं. फक्त दुसऱ्याच्या चुकीवर त्यांच्या चेहऱ्याला जी टवटवी येई, ती स्वतःच्या नातवाला बघूनही येत नसे.

धाकटी त्या टेबलाच्या टोकाला बसायची. तिच्यानंतर लॅबमध्ये कुणी आलंच नाही, म्हणून इतकी वर्षं होऊनही ती धाकटीच राहिली होती. तिच्या वाट्याला सरांचा मानाचा पदार्थ आला होता. ती शाळेत असताना सरांनी छापलं होतं की एका झाडाच्या सालीतलं द्रव्य रोगट पेशींची वाढ थांबवतं. सरांची खुर्ची, मोठी खोली, भाषणं, सगळा डोलारा त्या एका पेपरवर उभा होता. धाकटीनं तो प्रयोग पुन्हा करायचा आणि तिथून पुढं जायचं, एवढंच काम. पण प्रयोग होईचना. द्रव्य घाला नाहीतर घालू नका, पेशींना काही सोयरसुतकच नव्हतं. त्या मजेत वाढत.

सरांनी निदान केलं की हिचा हात वाईट आहे. पीएचडीच्या समितीच्या पुढच्या बैठकीपर्यंत प्रयोग जमला नाही तर पीएचडी विसरायची आणि खालची पदवी घेऊन बाहेर पडायचं, हेही त्यांनी सांगून टाकलं, जिना उतरता उतरता, मागे वळूनही न बघता.

धाकटी राहायची आत्याकडे. आत्या शिवणकाम करायची, आणि तोंडातल्या टाचण्या न काढता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची की आमची भाची डॉक्टर होणार, सुई टोचणारी नव्हे, त्याहून मोठी. घरी जेवताना तिनं कामाचं विचारलं की धाकटी घास गिळायला उगाच वेळ लावायची.

मग एका सुट्टीत इन्क्युबेटरच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या उबदार कपाटाच्या, तळातल्या ट्रेमध्ये पाणी भरायचं राहून गेलं. आतली हवा कोरडी पडली. धाकटीनं पेशींची खळग्याखळग्यांची प्लेट उजेडात धरली तर कडेच्या खळग्यांतल्या पेशी मेलेल्या, मधल्या जिवंत, आणि द्रव्य तर तिनं अजून कुठेच घातलं नव्हतं. तिनं सरांचा जुना पेपर काढून त्यातला प्लेटचा फोटो बघितला. द्रव्य सगळं कडेच्या खळग्यांत घातलेलं. तुलनेसाठी द्रव्याविना ठेवलेले खळगे सगळे मधे. त्यानंतर तिनं महिनाभर मुद्दाम पाणी काढून, मुद्दाम भरून, जागा उलटसुलट करून पाहिलं. दर वेळी तेच: पाणी नसलं की कडेच्या पेशी मरत, द्रव्य असो वा नसो. ती सरांकडे गेली, तर त्यांनी तिला वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही. काम जमलं नाही की माणूस कपाटावर खापर फोडतो, म्हणाले, आणि फोन उचलला.

पुढच्या शुक्रवारी पाळी धाकटीची होती. तिनं नियमाप्रमाणे सगळं झाकलं आणि पेपर भिंतीवर लावला. सरांनी चष्मा वर केला, खाली केला. त्यांना ओळख पटली नाही. कशी पटणार? तो पेपर लिहिला होता त्या वेळच्या एका सहायकानं. सरांनी फक्त मथळा आणि सही दिली होती.

फोटो आला तसे सर हसायला लागले. त्यांनी उठून भिंतीवरच्या फोटोवर बोट ठेवलं.

"कडेचे खळगे सुकतात, हे पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं. या शहाण्यानं औषध सगळं कडेला घातलंय. अरे, या पेशी औषधानं नाही मेल्या, तहानेनं मेल्या. याच्या हातात पुन्हा प्लेट देऊ नये कुणी."

टेबलाभोवती सगळे हसले. धाकटीनं काळी पट्टी काढली.

सरांनी स्वतःचं नाव वाचलं, नीट वाचलं, आणि खुर्चीत बसले. आपण जिंकलो असं धाकटीला वाटलं, तेवढ्यापुरतं.

"छान," सर म्हणाले. "मला हे बघताक्षणी दिसलं. तुला दिसायला इतकी वर्षं का लागली?"

आधी एकजण हसला, मग सगळेच हसले. त्या हसण्यात सुटका होती, म्हणून ते जरा जास्तच मोठं झालं. सरांनी गोड आवाजात तिच्या सगळ्या प्लेटांचे आकडे मागितले. तिनं दिले. वेडी, आनंदानं दिले, सोबत स्वतः लिहून काढलेला मजकूरही दिला.

समिती बसायच्या आत तो पेपर छापून आला. एका नामवंत शास्त्रज्ञानं स्वतःचीच चूक स्वतः शोधून जगापुढं मांडली होती. लेखक एकटे सर. शेवटी बारीक अक्षरात, प्लेटा हाताळल्याबद्दल एका विद्यार्थिनीचे आभार. सरांच्या प्रामाणिकपणाचा गाजावाजा झाला, भाषणांची आमंत्रणं आली. समितीनं धाकटीला सांगितलं की तुझ्या कामात नवीन असं काही नाही, जे आहे ते तुझ्या गाईडनं आधीच छापलंय. सर समितीतच बसले होते. त्यांनी तिच्याकडे बघून हळहळल्यासारखी मान हलवली.

आत्यानं एवढंच विचारलं, "म्हणजे आता गिऱ्हाइकांना काय सांगू?"

धाकटीला दुसऱ्या एका लॅबमध्ये मदतनिसाची नोकरी लागली. तिथल्या बाई तरुण होत्या, बोलायला चांगल्या होत्या. सरांचं भाषण ऐकून आल्यापासून त्यांनीही शुक्रवारी नावं झाकून वाचायला सुरुवात केली होती. एका शुक्रवारी भिंतीवर जो पेपर आला, त्याचं पहिलं वाक्य धाकटीनं आत्याच्या शिवणयंत्राशेजारी बसून लिहिलं होतं.

बाईंनी तिलाच विचारलं की यात कुठे काही खोट दिसते का.

धाकटीनं आयुष्यात कुठला पेपर इतका डूख धरून वाचला नव्हता. तिनं तक्ते तपासले, फोटो तपासला, प्रत्येक ओळीत काहीतरी चुकलेलं सापडावं म्हणून ती शोधत राहिली. काम चोख होतं.

"चूक नाही," ती म्हणाली.

बाईंनी पट्टी काढली आणि सरांचं नाव सगळ्यांना दाखवलं. "बघा, असं लिहायला छाती लागते."

"लागते," धाकटी म्हणाली, आणि उठून इन्क्युबेटरच्या ट्रेमध्ये पाणी भरायला गेली. इथं ते काम तिचंच होतं.