वीस नावं

वीत्स्केने पेन्सिल खाली ठेवली आणि कागद टेबलावरून पलीकडे सरकवला. वीस ओळी होत्या आणि वीसही भरल्या होत्या. पेपर वेळेआधी संपवलेल्या मुलीसारखी ती ताठ बसली.

नोकरीचे मार्गदर्शक उबेले यांनी चष्मा नाकावर ओढून वाचायला सुरुवात केली. "योहाना. तीन भाऊ. नवी काळजी. संयम..." ते थांबले. "ही कोण मंडळी?"

"बोटी."

"नव्या नोकरीसाठी मदत करतील अशा ओळखीच्या माणसांची नावं लिहायला सांगितली होती मी."

"ह्याच माझ्या ओळखीच्या. अठ्ठावीस वर्षांच्या!"

ती खोटं बोलत नव्हती. कालव्यावर वायरलेसवरून बोलताना बोट बोटीचं नाव सांगते आणि पूल पुलाचं. माणसाचं नाव मध्ये येतच नाही. बोटी जाव्यात म्हणून मेर्सेचा पूल उचलायला वीत्स्के वयाच्या चोविसाव्या वर्षी आली, वडिलांचा खांदा निखळला म्हणून, एका उन्हाळ्यापुरती. आता महिनाअखेरीपासून तो पूल शहरातल्या एका खोलीतून कॅमेऱ्यावर बघून उचलणार होते. कालवा खात्याने तिला तीन पर्याय दिले होते: कल चाचणीचं केंद्र, मानसतज्ज्ञ, नाहीतर नोकरी शोधायला शिकवणारा मार्गदर्शक. तिन्हींपैकी एकाचाच खर्च खातं करणार होतं. शुक्रवारी फॉर्म द्यायचा, आणि एकदा खूण केली की बदल नाही.

"बाकीच्या दोघांकडे जाऊन आलात?" उबेलेंनी विचारलं.

"आले की. केंद्रात दोनशे प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, तुम्हाला एकटीने काम करायला आवडतं. एवढं तर आमचं मांजरही सांगेल! मानसतज्ज्ञ बाईंनी चहा दिला आणि गप्प बसून राहिल्या. मला कसंतरीच झालं. कप अर्धा टाकून पळाले."

उबेले हसले नाहीत. ते स्वतः वीस वर्षं बेकरीत होते. पिठाने दमा जडला तेव्हा भट्टी सोडावी लागली होती.

"मला घाईने निवडू नका," ते म्हणाले. "ह्या विसांतल्या एका तरी नावाड्याला नाव विचारा. मिळालं की मला फोन करा. पण विचारताना घसा दाटला, तर मी तुमच्या कामाचा नाही. रडणाऱ्या माणसाला अर्ज लिहायला शिकवून काही उपयोग नसतो. माझ्यावर करून झालंय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावरच्या खोलीत तिने कॉफी ओतली. वडिलांच्या वेळी इथे लोखंडी दांडा होता. तो फिरवताना ते गायचे, आणि पूल वर जाईपर्यंत गाण्याची दोन कडवी व्हायची. आई डबा घेऊन सायकलवरून यायची आणि लांबूनच हाका मारायची. मग बटण आलं आणि गाणं बंद झालं. त्या दोन कडव्यांची तिला आजही फार आठवण यायची.

वायरलेस खरखरला. "मेर्से, मेर्से, नवी काळजी बोलतेय. उघडतेस ना?"

तिने फाटकं पाडली आणि पूल उचलला. वाळूने भरलेली बोट संथपणे आत शिरली. नावाड्याची केबिन खिडकीसमोर आली तशी ती कमरेपर्यंत बाहेर वाकली.

"अहो, तुमचं नाव काय?"

म्हाताऱ्याने कानामागे हात धरला. "काय झालं? बुडतोय का मी?"

"नाव! तुमचं स्वतःचं!"

"दुर्क! एवढ्या वर्षांनी कशाला हवंय?" तो हसू लागला. "आणि तुझं गं? आमच्या घरात तुला मेर्सेच म्हणतात. परवा तू नव्हतीस, तर बायको विचारत होती, मेर्से आजारी आहे का?"

"वीत्स्के," ती म्हणाली. आवाज निघाला नाही, म्हणून तिला पुन्हा सांगावं लागलं. "वीत्स्के!"

"वीत्स्के!" त्याने टोपी काढून हलवली. बोट वळणापाशी गेली तरी टोपी वरच होती.

"ओ बाई, पूल खाली घेताय की पोहत जाऊ?" फाटकापाशी एक सायकलवाला ओरडला. तिने डोळे बाहीने पुसले आणि बटण दाबलं.

रस्ता मोकळा झाल्यावर तिने फोन लावला.

"एक नाव मिळालं. दुर्क."

"शाब्बास! आणि घसा?"

खोटं बोलली असती तर सोमवारपासून अर्ज लिहिणं सुरू झालं असतं. तिला तेच हवं होतं.

"त्याचं नाव ऐकताना काही झालं नाही," ती म्हणाली. "माझं सांगताना झालं."

"घरी नावाने कोण हाक मारतं तुम्हाला?"

"आई हाक मारायची. मार्चमध्ये सहा वर्षं होतील तिला जाऊन."

"मग त्या गप्प बसणाऱ्या बाईंकडे जा. आणि चहा पूर्ण प्या."

"आणि नोकरी?"

"ती पळून जात नाही. मन थाऱ्यावर आलं की माझ्याकडे या. तेव्हा खात्याच्या पैशांचं बघू नका, केक आणा."

फोन ठेवून तिने फॉर्मवरच्या मधल्या, मानसतज्ज्ञाच्या चौकटीत खूण केली. मग त्या बाईंचा नंबर फिरवला. पलीकडून कोण बोलतंय असं विचारलं तेव्हा ती नेहमीच्या सवयीने "मेर्से" म्हणून गेली, आणि लगेच म्हणाली, "नाही, नाही. थांबा. सांगते."