झेंडा मांडीपाशीच राहिला

भाचीला ऐकू येत नव्हतं, पण पळायला लागली की भल्याभल्यांना मागे टाकायची. आणि शाळेत खेळाच्या तासाला तिच्या वाट्याला काय, तर कडेला बसून इतरांच्या बाटल्या सांभाळणं! खेळाचे मास्तर कुणी परके नव्हते, तिचा सख्खा मामाच होता. "उगाच नसती आफत कशाला?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

शेवटी भाचीनं अबोला धरला, तेव्हा मामा हलला. अशा मुलांना कसं खेळवावं याचं खेळशिक्षकांसाठी प्रशिक्षण होतं, त्यात त्यानं नाव घातलं. सभागृहात पोट सुटलेले मास्तर कानात कापसाचे बोळे घालून पळापळी खेळले. शिट्टी विसरायची, लाल झेंडा वर गेला की थांबायचं. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. "हाताला सवय होईपर्यंत रोज करा," असं शिकवणाऱ्या बाई दोनदा म्हणाल्या, पण तोवर चहा आला होता.

भाचीला मैदानात उतरवायला तिची आई, म्हणजे मामाची बहीण, काही केल्या तयार होईना.

"दादा, तिला काही झालं तर?"

"अगं, शिकून आलोय मी. जबाबदारी माझी."

काही आठवडे छान गेले. भाची घरी येऊन आरशासमोरही पळण्याचा पवित्रा घ्यायची. बहिणीच्या जिवाचा घोर जरा कमी झाला.

मग एके सकाळी मैदान सपाट करायचा लोखंडी रूळ उतारावरून सुटला. त्याच्याखाली दगड लावायचा कुणीतरी विसरलं होतं. धडधडत तो धावपट्टीवर आला. समोरून भाची येत होती, नजर मामावर ठेवून, शिकवलं होतं तशी. मामानं जीव खाऊन शिट्टी फुंकली. पुन्हा फुंकली. वीस वर्षांची सवय ती, हाताआधी तोंडच धावलं. मैदानावरची सगळी मुलं जागच्या जागी थांबली. लाल झेंडा त्याच्या मांडीपाशी तसाच लोंबत राहिला, आणि ती पळत राहिली.

रुळाखाली सापडलेला पाय वाचला म्हणायचा. चालेल, पण काठी लागेल, पळायचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते ऐकून मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी भाची शुद्धीवर आली. तिचं बोलणं फक्त घरच्यांना कळायचं. पलंगाच्या पायथ्याशी बहीण उभी होती.

"मामा, मी तुझ्याकडेच बघत होते. झेंडा दिसला नाही." मग तिनं विचारलं, "की माझं लक्ष नव्हतं?"

बहिणीनं त्याच्याकडे पाहिलं. ओठ नीट दिसावेत म्हणून तो भाचीच्या समोर वाकला, आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "हो बाळा. तुझं लक्ष नव्हतं."

तिनं बराच वेळ विचार केला, मग मान हलवली.

"सॉरी, मामा," ती म्हणाली.