थोरल्याचा मंगळवार

थोरला सोमवारी सकाळी वारला. मंगळवारी दुपारी तो नेहमीप्रमाणे तारांगणाच्या दारात तिकिटं फाडत उभा होता.

"आज जरा सुकल्यासारखे दिसताय काका," चहावाला म्हणाला.

"झोप नाही झाली," असं म्हणून त्यानं चहाचा घोट घेतला मात्र, तोंड वाकडं झालं. "साखर विसरलास की काय?"

"मी कशाला विसरू? मंगळ, गुरू, शनी तुम्ही बिनसाखरेचा घेता. बुध, शुक्र, रवी तीन चमचे. मला पाठ झालंय आता. आमची ही तर म्हणते, काकांनी कुणाला तरी विचारून वारांचं पथ्य धरलंय."

"हो, पथ्यच आहे ते," तो म्हणाला आणि सगळा कप औषधासारखा संपवला.

दारात उभा होता तो अर्थातच धाकटा होता. घरी थोरला बिनसाखरेचा चहा घ्यायचा हे त्याला ठाऊक होतं. तो चहा एक दिवस आपल्याला प्यावा लागेल, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

भानगड अशी की नोकरी एक होती आणि भाऊ दोन होते. दोघे जुळे. काही मिनिटं आधी बाहेर आला तो थोरला, आणि ती मिनिटं त्यानं पुढे जन्मभर वापरली. तारांगणात डोअरकीपर म्हणून नेमणूक झाली तीही त्याचीच. पहिल्याच महिन्यात त्याला ताप भरला. नव्या नोकरीत खाडा नको म्हणून धाकटा त्याचा सदरा घालून गेला, दिवसभर तिकिटं फाडून आला, आणि कुणाच्या काही लक्षात आलं नाही. दोन दिवसांनी थोरला परत गेला, तेव्हाही आलं नाही. इतकी सोयीची गोष्ट मोडायची कशाला, असं दोघांना वाटलं. ते पुढे तेवीस वर्षं वाटत राहिलं.

सोमवारी तारांगण बंद. मंगळ, गुरू, शनी थोरल्याचे. बुध, शुक्र, रवी धाकट्याचे. नदीच्या अलीकडे, घराच्या बाजूला, सगळ्यांना माहीत होतं की हे दोघं आहेत. पलीकडे ते एकच होते. म्हणून पूल एका वेळी एकानंच ओलांडायचा, असा घरचा कायदा होता. सदरा एक, टोपी एक, बुटांचा जोड एक. दोघांचे केस एकाच दिवशी वहिनी कापायची. थोरल्याचा पुढचा दात पडला तेव्हा धाकटा वर्षभर हसला नाही. पुढे त्याचाही पडला, तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. लग्न थोरल्यानं केलं. धाकट्याला दिवसाआड अस्तित्वात असणाऱ्या माणसासाठी स्थळ कसं बघावं ते कळेना.

थोरला शिस्तीचा होता. मरायलासुद्धा त्यानं साप्ताहिक सुट्टी गाठली.

सोमवारी संध्याकाळी धाकटा सगळं उरकून घरी आला, तेव्हा वहिनी पाय पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसली होती.

"भाऊजी, शनिवारपर्यंत नोंदणी कचेरीत जायला सांगितलंय. कोण वारलं ते सांगायला."

"कोण म्हणजे?"

"म्हणजे तेच विचारतेय. कोण वारलं म्हणून सांगायचं?"

थोरला वारला म्हणावं, तर नोकरी त्याच्याबरोबर गेली. शिवाय तेवीस वर्षं दोघांनी मिळून केलेली लबाडी उघड्यावर आली. धाकटा वारला म्हणावं, तर काहीच बिघडत नव्हतं. कागदावर तो तसाही फारसा जिवंत नव्हता. आपण थोरला व्हायचं आणि दारात उभं राहायचं. घुमट होता तसा राहिला असता.

"मी जातो," तो म्हणाला. "म्हणजे मी वारतो. सोपं पडेल."

"आणि मग मी कागदावर तुमची बायको. आधीच सांगून ठेवते, मी तुम्हाला भाऊजीच म्हणणार."

"म्हणा की."

"आणि मला रडायचं झालं तर?" वहिनीनं विचारलं. "माणूस तिकडे दारात तिकिटं फाडतोय आणि बायको इकडे त्याच्या नावानं रडतेय. लोक विचारतील, हिला झालंय काय?"

वहिनी उठली आणि तिनं सदरा खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिला.

"उद्या मंगळवार. त्यांचा दिवस. खाडा त्यांना चालायचा नाही. शनिवारपर्यंत बघू."

अशा रीतीनं धाकट्यानं आयुष्यात पहिल्यांदा तारांगणातला मंगळवार पाहिला. तो परक्या घरासारखा निघाला. वस्तू ओळखीच्या होत्या, पण सगळ्या थोरल्यानं लावलेल्या. फाडलेल्या तिकिटांचे तुकडे टाकायचा डबा दाराच्या डावीकडे होता. बुधवारी तो उजवीकडे असतो. एक पेन्शनर आला आणि न विचारता तिकीट त्याच्या खिशात कोंबून आत गेला. एक शाळकरी मुलगी म्हणाली, "आज कोडं नाही घालणार?" थोरला कोडी घालतो हे घरी कुणाला माहीत नव्हतं.

दिवे मंद झाल्यावर उशिरा आलेल्या एका बाईंना तो बॅटरीच्या उजेडात शेवटच्या रांगेत घेऊन गेला. तिथे दाराजवळची खुर्ची डोअरकीपरची, आणि तिच्या शेजारची रिकामी होती.

"काका, ती नाही!" निवेदिकेनं आपल्या टेबलावरून दबक्या आवाजात हाक मारली. "ती तुमची राखीव ना?"

"कुणासाठी?"

"आता मला विचारा! मंगळ-गुरू-शनी तुम्हीच तर तिथे टोपी ठेवता. मी एकदा विचारलं, कोण येणारंय, तर म्हणालात, येईल तो, अजून त्याची पाळी नाही."

धाकट्यानं बाईंना पुढच्या रांगेत बसवलं. परत येऊन तो आपल्या खुर्चीवर बसला. थोड्या वेळानं डोक्यावरची टोपी काढून त्यानं शेजारच्या खुर्चीवर ठेवली. घुमटात अंधार झाला, हे बरं झालं.

खेळ नेहमीचाच होता, बारा राशींचा. गेली अकरा वर्षं तोच चालू होता, कारण नवा खेळ मंजूर होऊन यायचा होता. त्यात मिथुन आली की निवेदिका खुलायची, आणि धाकटाही. मिथुनेतलं अक्षर न् अक्षर त्याला पाठ होतं.

"हे दोन ठळक तारे म्हणजे दोघांची डोकी," निवेदिका बाणासारखा प्रकाश फिरवत सांगत होती. "हा कॅस्टर, हा पोलक्स. नक्षत्रांच्या जुन्या यादीत यांचंच नाव पुनर्वसू. खऱ्या आकाशात कॅस्टर पांढरा आहे आणि पोलक्स नारिंगी. आपल्या घुमटात दोघं सारखे दिसतात, कारण आपल्याकडे दिवा एकच आहे."

लोक हसले. या जागी लोक बुधवारीही हसत.

"खरं तर पोलक्स जास्त तेजस्वी. पण ताऱ्यांना क्रमांक दिले तेव्हा पहिला क्रमांक कॅस्टरला गेला. थोरलेपण एकदा कागदावर चढलं की उतरत नाही. आणि हा कॅस्टर दिसतो एक, पण दुर्बिणीनं आणि बारकाईनं पाहिलं तर निघतात सहा."

हे वाक्य थोरल्यानं पहिल्यांदा ऐकलं, त्या संध्याकाळी तो घरी येऊन म्हणाला होता, "सहा जण एका नावावर नोकरी करतायत, आणि आपण दोघंच घाबरतोय."

"दोघं शेजारी दिसतात, पण शेजारी नाहीत. पोलक्स आपल्याला जवळ. कॅस्टर त्याच्या कितीतरी मागे. इथून बघणाऱ्याला मात्र एकाच उंबऱ्यावर उभे वाटतात. आणि उंबऱ्यावरून आठवलं, बॅबिलोनच्या लोकांना हे जुळे देव वाटायचे, पाताळाच्या दारावरचे पहारेकरी. त्यांच्या छोट्या मूर्ती लोक घराच्या दाराशी पुरून ठेवत."

इथे धाकटा नेहमी खुर्चीत थोडा ताठ बसायचा. आजही बसला.

"ग्रीकांच्या कथेत कॅस्टर घोडे वळवणारा, पोलक्स मुष्टियोद्धा. आई एकच, पण कॅस्टर माणसाचा मुलगा आणि पोलक्स देवाचा. म्हणजे एक मरणार आणि दुसरा कधीच मरणार नाही. गुरांवरून भांडण झालं, त्यात कॅस्टर पडला. पोलक्सनं बापाकडे अर्ज केला, माझं अमरपण आम्हा दोघांत वाटून द्या. देवानं तो मंजूर केला. तेव्हापासून दोघं भाऊ एक दिवस पाताळात असतात, एक दिवस वर देवांकडे. पण जिथे असतात, तिथे बरोबर असतात."

"चूक!" धाकटा म्हणाला. मोठ्यानं नाही, पण पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून पाहिलं.

निवेदिका म्हणाली ते थोरल्याचं मत होतं. यावरून घरात अकरा वर्षं वाद चालला होता.

"दोघं बरोबर खाली जातात, बरोबर वर येतात," थोरला म्हणायचा.

"अरे दादा, नाही रे. एक खाली असला की दुसरा वर. मग अदलाबदल. वाटेत ओझरते दिसतात, तेवढंच. भेट म्हणून नाही."

"तू झोपतोस खेळात."

"तू कानात बोळे घालून बसतोस."

एकदा वहिनी वैतागून म्हणाली होती, "दोघं मिळून जा ना एकदा, आणि काय ते ऐकून या!" त्यावर थोरल्यानं मीठ मागितलं होतं.

बुधवारी धाकटा स्वतःच्या दिवशी गेला. चहात तीन चमचे साखर होती. मिथुन आली तेव्हा तो पुढे झुकून बसला.

"...देवानं अर्ज मंजूर केला," निवेदिका सांगत होती. "तेव्हापासून एक भाऊ पाताळात असतो तेव्हा दुसरा वर असतो. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. एकमेकांसाठी जागा सोडतात, पण एकत्र कधी नसतात."

खेळ सुटल्यावर लोक गेले. निवेदिका पाण्याची बाटली तोंडाला लावून बसली होती. धाकटा तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"बाई, एक विचारू? काल तुम्ही सांगितलंत, दोघं बरोबर असतात. आज म्हणालात, अदलाबदल. खरं कोणतं?"

"इतक्या वर्षांनी विचारताय होय!" ती हसली. "दोन्ही. जुन्या लोकांनी दोन्ही प्रकारे लिहून ठेवलंय. एकच एक सांगून मला कंटाळा येतो, म्हणून एक दिवस हे, एक दिवस ते. मंगळवारी एकत्र, बुधवारी अदलाबदल, गुरुवारी परत एकत्र. तुम्ही रोज दारात असता, तुम्हाला तर ठाऊकच असेल."

"हो," धाकटा म्हणाला. "ठाऊक आहे."

"तुम्हाला कोणतं पटतं?"

"मला बुधवारचं पटायचं," तो म्हणाला, आणि खुर्च्यांखाली कुणाचं काही राहिलंय का ते बॅटरीनं बघायला लागला. शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि राखीव खुर्चीपाशी बराच वेळ वाकून राहिला. तिथे काही राहिलं नव्हतं.

घरी वहिनी भाजी निवडत होती.

"वहिनी, दादा बरोबर होता."

"कशाबद्दल?"

"मिथुनेबद्दल. आणि मीही बरोबर होतो. ती बाई दिवसाआड वेगळं सांगते."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे अकरा वर्षं तुम्ही दोघं..."

"हो."

"रोज रात्री माझं डोकं खाऊन..."

"हो."

"एकदा, फक्त एकदा दोघं मिळून गेला असतात, तर पहिल्याच दिवशी..." ती हसायला लागली. हसता हसता भाजी बाजूला सरकवली आणि पदर तोंडात धरला. मग ते हसणं राहिलं नाही. धाकटा समोर बसून राहिला.

"तो माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवायचा," तो मग म्हणाला. "मी कधी ठेवली नाही. माझ्या दिवशी तिथे कुणीही बसायचं."

वहिनीनं डोळे पुसले. "मला त्यांच्यासाठी रडायचंय भाऊजी. त्यांच्याच नावानं. तुम्हाला मारून नाही."

"मग नोकरी जाणार. घुमट जाणार."

"माहीत आहे."

"ठीक आहे," धाकटा म्हणाला.

गुरुवारी तो दारात उभा राहिला आणि शाळकरी मुलीला कोडं घातलं. ते तिला पहिल्या झटक्यात सुटलं, कारण त्याला सोपंच येत होतं. चहावाला किटली घेऊन आला, पण कप भरायच्या आधी थांबला. बुधवारी आणि मंगळवारी त्यानं या माणसाचे डोळे नीट पाहिले होते, की उगाच थांबला, ते सांगता येत नाही.

"काका, आता साखर कशी घालू?"

धाकट्यानं विचार केला.

"दीड चमचा. आता रोज दीड."

शनिवारी सकाळी वहिनी आणि तो नोंदणी कचेरीत गेले आणि त्यांनी खरं नाव सांगितलं. कारकुनानं ते लिहून घेतलं. त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. तिथून दोघं चालत पुलावर गेले. एका वेळी एकानंच ओलांडायचा पूल त्यांनी दोघांनी ओलांडला. खेळ सुरू व्हायला अवकाश होता. धाकट्यानं सदरा, टोपी आणि बॅटरी तिकीटखिडकीत ठेवली. त्याखाली एक कागद ठेवला होता:

"मा. संचालक यांस. विषय: एकत्र हजेरीबाबत.

महोदय, आपल्या दाराशी तेवीस वर्षं उभा असलेला डोअरकीपर सोमवारी वारला. त्याच्या जोडीचा दुसरा मी आहे. आम्ही दोघं होतो, हे कळवायचं राहून गेलं. त्याबद्दल जी कारवाई होईल ती मान्य आहे. चहावाल्याला आणि निवेदिकाबाईंना यातलं काही माहीत नव्हतं.

पोलक्सच्या अर्जाचा दाखला देऊन नम्र विनंती, की माझ्या वाट्याचे जेवढे दिवस उरले असतील ते आम्हा दोघांत निम्मे वाटून द्यावेत, आणि त्यांतल्या एका दिवशी आम्हा दोघांना एकाच खेळाला आत बसण्याची परवानगी मिळावी. वार आपण ठरवावा. मिथुनेच्या दोन्ही कथा चालतील. शेवटच्या रांगेत दोन खुर्च्या आहेत. तिकिटं आम्ही काढू. तेवढ्यापुरती दाराशी दुसऱ्या कुणाची तरी सोय व्हावी.

आपला विश्वासू,
डोअरकीपर (बुध, शुक्र, रवी)"